डाएट चालू असताना हाड मोडलं तर

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली आणि ज्या घरांत बारीक होण्याच्या गप्पा कधी निघत नव्हत्या, तिथेही त्या निघू लागल्या. दिवसातून दोनदाच जेवणं, रात्रीचं जेवण सोडणं, आठवडाभर सूप आणि कोशिंबिरीवर राहणं हे प्रकार तर आपल्याकडे आधीपासून होतेच. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शरीराला रोज लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात जाऊ द्यायची. ऊर्जा कॅलरीत मोजतात, म्हणून याला कमी कॅलरीचा आहार म्हणू.

या आहाराचे फायदे खरे आहेत. साखर आटोक्यात येते, रक्तदाब उतरतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. पण बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं, प्लास्टर घालून माणूस घरी आला, की एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर द्यायला सहसा कोणी नसतं. एक्स-रे बघणारे डॉक्टर हाडाबद्दल बोलतात, डाएट देणारे वजनकाट्याबद्दल. चालू असलेल्या डाएटचं आता काय करायचं, हे रुग्णाने आपलं आपण ठरवायचं.

उत्तर आधीच देऊन ठेवलेलं बरं. हाड जुळेपर्यंत वजन उतरवणं थांबवा. जास्त खायची गरज नाही, पण कमी खाणं बंद करा आणि प्रथिनं वाढवा. असं का, ते समजून घ्यायचं तर हाडापासून सुरुवात करावी लागेल.

हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं

दवाखान्यात टांगलेला सांगाडा बघून हाड म्हणजे निर्जीव, दगडासारखी वस्तू असं वाटतं. जिवंत माणसाचं हाड तसं नसतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि त्याची डागडुजी कायम चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नव्याने बांधला जातो.

जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम डोळ्यांसमोर आणा. एक टोळी कमकुवत झालेली भिंत पाडते, दुसरी टोळी म्हणजे गवंडी, तिथे नवी भिंत उभी करतात. हाडांमध्ये पाडकाम करणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि गवंडीकाम करणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. या लेखात त्यांना पाडणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशी एवढंच म्हणू. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असतं, नंतर दोन्ही साधारण बरोबरीने चालतात. बायकांची पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं आणि पाडकाम वेगाने पुढे निघून जातं.

बांधकामाचं सामान काय, तर आधी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि मग त्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार बसतात. हाड म्हटलं की आपल्याला फक्त कॅल्शियम आठवतं. पण धागेच नसतील तर कॅल्शियम बसणार कशावर? आणि हे धागे पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतं.

जेवण घटलं की शरीर कुठे काटकसर करतं

पैशांची चणचण भासली की वाड्याची दुरुस्ती पुढे ढकलली जाते. हाडांचंही तसंच होतं. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं यांना रोजचं द्यावंच लागतं. हाडाचं काम चार महिने लांबलं तर लगेच काही अडत नाही, दुखतही नाही. म्हणून ऊर्जा कमी पडली की शरीर बांधणाऱ्या पेशींना काम थांबवायचे निरोप धाडतं.

हे निरोप हार्मोनांमार्फत जातात. बांधणाऱ्या पेशींना उत्तेजन देणारा आयजीएफ-१ हा घटक कमी होतो. चरबीतून स्रवणारं लेप्टिन खाली येतं. ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल वर जातं. बायकांमध्ये उपासमार जास्त झाली तर पाळी अनियमित होते किंवा थांबते. म्हणजे इस्ट्रोजेन गेलं आणि पाडणाऱ्या पेशींना आवरणारं कोणी उरलं नाही.

हे किती लवकर घडतं? अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन लाउक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी नियमित असलेल्या २९ निरोगी तरुणींवर केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम करून घेऊन आणि आहार मोजून देऊन त्यांच्या शरीराला मिळणारी ऊर्जा फक्त पाच दिवस कमी ठेवली. तेवढ्यात रक्तातली हाडबांधणीची खूण असलेली द्रव्यं घसरली. ऊर्जा सर्वात कमी होती त्या टप्प्यावर पाडकामही वाढलेलं दिसलं. पाच दिवसांत हाड ठिसूळ होत नाही, हे खरं. पण निरोप इतक्या लवकर जातो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती पहिल्यांदा ऐकली की खोटी वाटते. अतिशय कमी खाणाऱ्या, उपासमारीच्या आजारात अडकलेल्या मुलींच्या त्वचेखालची चरबी जवळपास नाहीशी होते, पण त्याच वेळी हाडांच्या पोकळीतल्या मगजात चरबी वाढते. त्याचं कारण मगजातल्या मूळ पेशींत आहे. एकाच मूळ पेशीची बांधणारी पेशी होऊ शकते किंवा चरबीची पेशी. ऊर्जा कमी असताना तराजू चरबीकडे झुकतो आणि नवे गवंडी तयार होणंच कमी होतं.

यात भाराचाही वाटा आहे. हाडावर जेवढा भार पडतो तेवढं ते मजबूत राहतं. अंतराळवीर भाराविना राहतात, तर खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. वजन उतरलं की खुबा आणि कणा यांवरचा रोजचा भार कमी होतो आणि शरीर त्या हिशेबाने हाड पातळ करतं.

"पण मी कॅल्शियमची गोळी घेते ना"

हे वाक्य फार ऐकू येतं आणि त्यावर लोकांचा फार विश्वास असतो. म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

अमेरिकेत कॅलरी नावाचाच एक मोठा प्रयोग झाला. लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं २५ टक्के कमी खायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. माणसंच ती. २५ टक्के कोणाला जमलं नाही, सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास कपात झाली. त्यांची हृदयाच्या आरोग्याची मोजमापं सुधारली. पण कणा, खुबा आणि मांडीच्या हाडाची मान या तिन्ही ठिकाणी हाडांची घनता नेहमीसारखं खाणाऱ्यांपेक्षा जास्त घटली. आणि या लोकांना प्रयोगाचा भाग म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं जात होतं.

म्हणजे कॅल्शियम पोटात जात असतानाही हाड घटलं. सिमेंटची पोती दारात येऊन पडली, पण गवंड्यांना बोलावणं गेलंच नाही. ऊर्जेची कमतरता हीच एक सूचना असते आणि ती कॅल्शियमने खोडली जात नाही. कॅल्शियम नको असं यातून कोणी घेऊ नये. ते नसेल तर नुकसान आणखी वाढेल. पण तेवढ्याने भागत नाही.

मग कशाने भागतं? २००६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीतल्या ४८ माणसांपैकी काहींनी कमी खाऊन आणि काहींनी व्यायाम करून जवळपास सारखंच वजन उतरवलं. कमी खाणाऱ्यांच्या कण्याची आणि खुब्याची घनता वर्षभरात दोन टक्क्यांहून थोडी जास्त घटली. व्यायामाने वजन उतरवणाऱ्यांची तशी घटली नाही.

एक-दोन टक्क्यांनी काय बिघडतं?

हा आक्षेप योग्य आहे. तिशीतला, धडधाकट हाडांचा माणूस सहा महिने डाएट करून एक टक्का हाड गमावतो, तेव्हा त्याचं फार काही बिघडत नाही. ९५ किलोंच्या मधुमेही माणसाला हाडांची भीती दाखवून वजन उतरवण्यापासून परावृत्त करणं तर चूकच ठरेल.

पण टाइप २ मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या लुक अहेड या दीर्घ प्रयोगात काळजीने, देखरेखीखाली वजन उतरवलेल्या गटात खुबा, कटी आणि खांद्यालगतचं दंडाचं हाड मोडण्याचा धोका दुसऱ्या गटापेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळला. सगळी फ्रॅक्चर मिळून पाहिली तर दोन गटांत ठळक फरक नव्हता. म्हातारपणी माणसाला अंथरुणाला खिळवतात ती फ्रॅक्चर मात्र वाढली. वजन पुन्हा वाढलं म्हणून गेलेलं हाड पुरतं परत येत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे दर दोन वर्षांनी दहा किलो उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे, या चक्राची मला सर्वात जास्त काळजी वाटते.

काही लोकांनी विशेष जपायला हवं. पाळी जायच्या बेतात असलेल्या किंवा गेलेल्या बायका. साठी ओलांडलेले सगळेच. मुळात बारीक असून आणखी बारीक होऊ पाहणारे. बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. पोट लहान करायची शस्त्रक्रिया झालेले. आणि एक गट आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे धावणाऱ्या, नाचणाऱ्या, स्पर्धेसाठी वजन राखणाऱ्या तरुण मुली. त्यांच्या पायाच्या हाडांना सततच्या आघाताने बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंना ऊर्जा अपुरी पडण्याच्या या अवस्थेला रेड-एस असं वेगळं नाव दिलं आणि पुरुष खेळाडूंनाही ती होते हे नोंदवलं. मुलीची पाळी तीन महिने आली नाही आणि "सराव जास्त झालाय" म्हणून घरच्यांनी सोडून दिलं, तर त्या तीन महिन्यांत तिची हाडं भरायच्या वयात रिकामी होत असतात.

मोडलेलं हाड जुळतं कसं

हाड मोडलं की तिथल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्ताची गुठळी होते. सूज येते, दुखतं, तो भाग गरम लागतो. ही सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात असते. पहिला आठवडा असा जातो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन टोकांच्या मध्ये मऊ, कुर्चेसारखी गाठ तयार होते. ती जवळपास पूर्ण प्रथिनांची असते. एक्स-रेमध्ये ती नीट दिसत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी फोटो बघून "अजून काहीच झालं नाही" असं वाटतं. मग त्या गाठीत कॅल्शियम बसू लागतं आणि ती कडक होते. मनगट साधारण सहा आठवड्यांत धरतं. नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात. त्यानंतर फुगीर गाठ तासून हाडाला मूळ आकार देण्याचं काम कित्येक महिने, कधी काही वर्षं चालतं.

या प्रत्येक पायरीला ऊर्जा आणि प्रथिनं लागतात. मोठं हाड मोडलं तर पहिल्या काही आठवड्यांत शरीराची ऊर्जेची गरज नेहमीपेक्षा वाढते आणि स्नायू विरघळवून त्यातली प्रथिनं वापरली जातात. प्रथिनं तोडलेल्या उंदरांच्या प्रयोगांत जुळणीची गाठ कमकुवत झालेली दिसली आहे. माणसाला मुद्दाम उपाशी ठेवून असा प्रयोग कोणी करणार नाही, पण उलट दिशेने झालेला एक अभ्यास फार बोलका आहे. जिनिव्हामध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या, सरासरी ऐंशी वर्षांच्या ८२ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज २० ग्रॅम जादा प्रथिनं दिली. वर्षाअखेर त्यांच्या दुसऱ्या, न मोडलेल्या खुब्याचं हाड इतरांपेक्षा निम्म्यानेच घटलं होतं आणि पुनर्वसनाच्या रुग्णालयातला त्यांचा मुक्काम ५४ दिवसांवरून ३३ दिवसांवर आला होता. रोजचे २० ग्रॅम म्हणजे तीन अंडी आणि थोडं दूध.

ज्यांचं हाड काही केल्या जुळतच नाही त्यांचं काय? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, काही उघड कारण नसताना हाड न जुळलेल्या आणि तत्सम अशा ३७ रुग्णांना हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांपैकी ३१ जणांत तोवर लक्षात न आलेला काही ना काही बिघाड सापडला आणि २५ जणांना ड जीवनसत्त्व कमी होतं. भारतात, ऊन भरपूर असूनही, ही कमतरता सर्रास आढळते. चरबी अगदी तोडणाऱ्या आहारात ती आणखी वाढू शकते, कारण ड जीवनसत्त्व चरबीबरोबर शोषलं जातं.

"माझ्या अंगावर एवढी चरबी आहे, मग हाडाला कमी कसं पडेल?"

चरबीच्या साठ्यातून ऊर्जा मिळते. प्रथिनं मिळत नाहीत, कॅल्शियम मिळत नाही, जस्त मिळत नाही. शिवाय लठ्ठ माणसांच्या रक्तात ड जीवनसत्त्व बहुधा कमीच सापडतं, कारण ते चरबीत जाऊन बसतं. आणि वर सांगितलेले हार्मोनांचे निरोप साठा किती आहे यापेक्षा रोजची आवक घटली की नाही, यावर बरेच अवलंबून असतात.

तरीही वजन फारच जास्त असेल, किंवा मधुमेह बिघडलेला असेल, तर डॉक्टर पूर्ण प्रथिनं देऊन कॅलरीत किंचित कपात चालू ठेवायला सांगू शकतात. वाढलेली साखरही हाड जुळू देत नाही, त्यामुळे हा तोल त्यांनीच साधायचा असतो. मात्र तो आकडा आपल्या मनाने ठरवू नये.

मग ताटात काय हवं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारी किंवा जखमी वयस्कांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्ला १.२ ते १.५ ग्रॅमचा आहे. म्हणजे साठ किलोंच्या बाईला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता नेहमीचं डाएटचं ताट बघा. सकाळी काळी कॉफी आणि सफरचंद, दुपारी एक भाकरी, भाजी, पातळ वरण, रात्री सूप आणि कोशिंबीर. याची बेरीज २५ ग्रॅमच्या पुढे जाणं कठीण. गरजेच्या एक तृतीयांश.

हेच शाकाहारी घरात कसं भरून काढायचं? सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, इथे १८-२० ग्रॅम होतात. दुपारी दोन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी उसळ आणि पुन्हा दही, हे २५ च्या जवळ. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. रात्री दोन पोळ्या, घट्ट वरण आणि थोडं पनीर. दिवसाचा आकडा सत्तरी ओलांडतो. सोयाबीनच्या वड्या चालत असतील तर काम आणखी सोपं होतं, कारण त्यांच्या वजनाचा निम्मा भाग प्रथिनांचा असतो. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांना फार हिशेब करावा लागत नाही. सुकट आणि जवळा कवचासकट पोटात जातात, त्यामुळे त्यांतून कॅल्शियमही मिळतं.

उपवासांबद्दल इथेच सांगायला हवं. साबुदाण्याच्या खिचडीत कॅलरी भरपूर असतात, पण साबुदाण्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. जी येतात ती दाण्याच्या कुटातून. प्लास्टर असताना श्रावण आलाच आणि उपवास मोडायचा नसेल, तर दूध, दही, ताक, राजगिरा, दाणे यांवर भर द्यावा.

कॅल्शियमची शिफारस प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम आहे, पाळी गेलेल्या बायकांसाठी १२००. मोठा पेलाभर दुधात सुमारे ३००. नाचणीच्या पिठात १०० ग्रॅममागे ३४० ते ३६०, म्हणजे एका भाकरीत दोनशेच्या आसपास. शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, दही हे बाकीचं भरून काढतात. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या द्रव्यामुळे ते अंगाला फारसं लागत नाही. गोळी घ्यावी लागलीच आणि थायरॉइडचं औषध चालू असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवा.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिली जाते. ती चुकून रोज घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून माणसं रुग्णालयात दाखल झाली आहेत. चिठ्ठी दोनदा वाचा. ज्याचं ड जीवनसत्त्व मुळात पुरेसं आहे त्याला जादा डोस घेऊन हाड लवकर जुळेल, असा ठोस पुरावा नाही.

तंबाखू, विडी-सिगारेट आणि मिश्री या काळात पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं. मिश्रीला आपल्याकडे कोणी व्यसन मानत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावरही ती सांगितली जात नाही. ती सांगावी.

पायाचं सूप आणि हाडजोडी

बोकडाच्या पायाच्या सूपमध्ये कॅल्शियम आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी उतरतं, हाड नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्यातलं कोलॅजेन पोटात गेल्यावर पचून सुटं होतं, सरळ मोडलेल्या जागी जाऊन बसत नाही. पण सूप गरम असतं, थोडी प्रथिनं देतं, भूक मेलेली असताना घशाखाली उतरतं. जेवणाच्या जागी नव्हे, जेवणाबरोबर घ्यायला हरकत नाही. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचंही तेच.

हाडजोडीच्या वेलीवर प्राण्यांमध्ये आणि काही छोट्या मानवी अभ्यासांत आशादायक निष्कर्ष आले आहेत, पण त्यांच्या भरवशावर प्लास्टर टाळावं इतके ते भक्कम नाहीत. हाडवैद्याने आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटून हातपाय कापावे लागल्याची उदाहरणं देशभरच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. बोटं निळी, थंड किंवा बधिर पडली तर पट्टी कोणीही बांधलेली असो, त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.

"प्लास्टरमध्ये बसून वजन वाढेल त्याचं काय?"

भीती रास्त आहे. पण प्लास्टर घातलेल्या काळात वजनकाटा तसाही खरं सांगत नाही. प्लास्टरचं वजन असतं, सुजेचं पाणी असतं आणि न वापरलेला स्नायू थोड्या दिवसांतच झडू लागतो. काट्यावर दोन किलो उतरलेले दिसले, तर त्यात मांडीचा स्नायू गेलेला असू शकतो. त्याऐवजी पंधरा दिवसांनी कंबर मोजा. ती जागेवर राहिली तर तुम्ही बरोबर खाताय. वाढायला लागली तर साखर, तळण, फरसाण कमी करा. प्रथिनांना आणि दुधाला हात लावू नका.

उरलेलं शरीर हलतं ठेवा. मनगटाला प्लास्टर असेल तर बोटं, कोपर, खांदा हलवायचे, चालायला जायचं. पाय बांधलेला असेल तर हात आणि दुसरा पाय काम करू शकतो. फिजिओथेरपिस्ट पहिल्याच आठवड्यात भेटला तर उत्तम.

इंजेक्शन घेणाऱ्यांनी काय करावं

ही औषधं भूक इतकी मारतात की माणूस ठरवूनही पुरेसं खाऊ शकत नाही. त्यामुळे फ्रॅक्चर झालं की औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवायचं. डोस कमी करायचा, थांबवायचा की तसाच ठेवायचा, हे ते ठरवतील.

हाड न मोडलेल्यांसाठी डेन्मार्कमधल्या अभ्यासाचे २०२४ मध्ये आलेले निष्कर्ष उपयोगाचे आहेत. १९५ लठ्ठ माणसांनी आधी आठ आठवडे रोज ८०० कॅलरींवर राहून सरासरी १३ किलो वजन उतरवलं आणि मग वर्षभर कोणी व्यायाम केला, कोणी लिराग्लुटाइड हे याच जातीचं जुनं इंजेक्शन घेतलं, कोणी दोन्ही केलं. नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या खुब्याची आणि कण्याची घनता घटली. इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन सर्वात जास्त उतरलं आणि तरी त्यांची हाडं टिकली. वयस्क लठ्ठ माणसांवरच्या २०१७ मधल्या अमेरिकी अभ्यासात वजन उतरवताना फक्त चालणं-धावणं या प्रकारचा व्यायाम केलेल्यांच्या खुब्याची घनता ३ टक्के घटली, वजनं उचलणाऱ्यांची अर्धा टक्का. रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पुन्हा डाएट कधी

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायची परवानगी दिली आणि पाय किंवा हात रोजच्या कामाला लागला, की वजन उतरवायला हळूहळू पुन्हा सुरुवात करता येते. आधी वजनं उचलायचा व्यायाम सुरू करा, कॅलरीतली कपात नंतर. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेग नको आणि प्रथिनांचा आकडा प्लास्टरच्या काळातलाच राहू द्या.

त्याआधी एक तपासणी राहता कामा नये. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं हाड उभ्या उंचीवरून नुसतं पडून मोडलं असेल, तर दोष फक्त ओल्या फरशीचा नसतो. अशा एका फ्रॅक्चरनंतर पुढच्या फ्रॅक्चरचा धोका साधारण दुपटीवर जातो. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडांची घनता कळते. ती काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. प्लास्टर काढायला जाल त्या दिवशीच डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा, आणि आपण किती दिवस, किती कमी खात होतो, तेही त्यांना न लपवता सांगा.